अभिप्रायभय

आहार, निद्रा, भय आणि मैथुन या चार गोष्टी मनुष्याला पशूंशी समान आहेत असा निर्वाळा आपल्या सुभाषितकारांनी देऊन ठेवला आहे. परंतु यांपैकी तिसऱ्या बाबीची छाननी त्यांनी म्हणावी तशी केलेली दिसत नाही. वाघाचे, वणव्याचे आणि पुराचे भय पशूंना असते हे खरे. पण आपण जे केले ते चार लोकांना कसे वाटेल, या भयाने रात्रभर कूस बदलणारा पशू अद्याप कोणाच्या पाहण्यात आलेला नाही. मोर पिसारा फुलवताना लांडोरीखेरीज इतर कोणाच्या मताची पर्वा करीत नाही, कोकिळ पहाटे सूर लावण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या झोपेची विचारपूस करीत नाही, आणि पंचतंत्रातल्या त्या गायनप्रिय गर्दभाने तर या बाबतीत अखिल मनुष्यजातीला लाजविले आहे. काकडीच्या मळ्यात, चांदणे पडलेले असता, त्याला गाण्याची इच्छा झाली. सोबतच्या कोल्ह्याने व्यवहार जाणून ‘राखणदार जागे होतील’ असा सावधगिरीचा इशारा दिला. त्यावर या कलावंताने सप्तस्वर, तीन ग्राम आणि एकवीस मूर्च्छना यांचा शास्त्रोक्त पाढा म्हणून आपला अधिकार सिद्ध केला, आणि मग मान उंचावून जे गावयाचे ते गायला. पुढे त्याला यथास्थित बदडून त्याच्या गळ्यात उखळ अडकविण्यात आले ही गोष्ट खरी, आणि शाळेत ही कथा शिकविताना गुरुजनांचा सगळा भर त्या उखळावर असतो हीही गोष्ट खरी. परंतु उखळ गळ्यात पडण्यापूर्वी गाणे गाऊन झाले होते, याकडे कोणीही विद्यार्थ्याचे लक्ष वेधीत नाही.

मनुष्य हा या गर्दभाहून सुज्ञ प्राणी असल्यामुळे तो उखळ आधी स्वतःच्या हाताने गळ्यात अडकवून घेतो, आणि मग गावे की न गावे याचा विचार करीत बसतो.

याचे कारण असे की, प्रत्येक सुशिक्षित गृहस्थाच्या अंतःकरणात एक कचेरी असते, आणि त्या कचेरीत प्रतिभा ही विनावेतन उमेदवारी करणारी असून शंका नावाचा फडणीस मात्र कायम नोकरीतला, पेन्शनीस पात्र असा असतो. रविवारी दुपारी, भोजनोत्तर वामकुक्षीच्या सुमारास, चंद्राविषयी चार ओळी सुचतात. उमेदवार तो कागद मोठ्या आशेने पुढे करतो. फडणीस चष्मा कपाळावरून नाकावर आणतो, मजकूर वाचण्यापूर्वी समास पुरेसा सोडला आहे की नाही हे पाहतो, आणि जाबजबाब सुरू करतो. ‘ही कल्पना पूर्वी कोणी दाखल केलेली आहे काय?’ उमेदवार खाली मान घालून कबूल करतो की, चंद्राविषयी पूर्वी थोडेबहुत लिहिले गेले आहे. ‘मग तुमच्या चंद्रात विशेष ते काय?’ यावर उत्तर नसते. ‘सदरहू मजकूर आपल्या मेहुण्यांच्या वाचनात आल्यास त्याची जबाबदारी कोणावर?’ येथे उमेदवाराचा कंठ दाटून येतो. अखेर कागदाच्या डाव्या अंगास तांबड्या शाईने शेरा पडतो: ‘तूर्त तहकूब. अधिक योग्यता आल्यावर पुन्हा सादर करावे.’ ही अधिक योग्यता कोणत्या तारखेस येणार, तिचा दाखला कोणत्या कार्यालयातून मिळतो आणि त्यावर तिकीट किती आण्यांचे लावावे लागते, याचा खुलासा मात्र त्या दप्तरात कोठेही आढळत नाही. या योग्यतेची वाट पाहता पाहता कित्येक गृहस्थ नोकरीतून निवृत्त होतात, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी फडणीस त्यांच्यापुढे नवा शेरा ठेवतो: ‘आता या वयात हे शोभते काय?’

फडणीसाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो लबाड नसतो. फक्त लोकांच्या फावल्या वेळाविषयी त्याचा अंदाज अवास्तव उदार असतो. त्याची प्रामाणिक समजूत अशी की, ही चंद्रावरची कविता छापून येताच सदाशिव पेठेतील यच्चयावत् विद्वान हातातली कामे टाकून तिच्यावर तुटून पडतील, दादरला तिच्यातील यतिभंगावर परिसंवाद भरेल, आणि नागपूरकर मंडळी निषेधाचा ठराव एकमताने संमत करून त्याची नक्कल कवीच्या बिऱ्हाडी रवाना करतील. वस्तुतः ज्या मेहुण्याच्या धास्तीने ती कविता तहकूब झाली, तो मेहुणा वर्तमानपत्रात सोन्याचा भाव आणि क्रिकेटचा धावफलक यांपलीकडे कधी गेलेला नसतो. टीकेला भिणारा मनुष्य स्वतःला विनयशील समजतो, आणि इतरही त्याला तसे समजतात. पण जरा खोल जाऊन पाहिले म्हणजे दिसते की, साऱ्या जगाने आपली दखल घेतलीच पाहिजे असा केवढा मोठा दावा या विनयशील गृहस्थाने मनातल्या मनात लावलेला असतो!

या भयावर आमच्या वाङ्मयात जे इलाज योजले गेले, त्यांत टोपणनावाची प्रतिष्ठा फार मोठी. कृष्णाजी केशव दामले हे केशवसुत झाले, त्र्यंबक बापूजी ठोमरे बालकवी झाले, आणि राम गणेश गडकऱ्यांनी तर कवितेसाठी गोविंदाग्रज, विनोदासाठी बाळकराम आणि नाटकासाठी खुद्द गडकरी असे तीन स्वतंत्र दरवाजे ठेवले, जेणेकरून एका दारी फिर्याद आली असता उरलेल्या दोघांना साक्षीदार म्हणून उभे करता यावे. नारायण मुरलीधर गुप्ते हे ‘बी’ या एका अक्षराआड राहिले. याहून लहान आडोसा मिळणे देवनागरीत शक्य नव्हते. त्यांचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ साली निघाला, तेव्हा कवीने साठी ओलांडली होती. या थोरांनी केवळ भयापोटी नावे बदलली असे म्हणण्याचा माझा बिलकूल इरादा नाही. कोणी पित्याच्या आदराने, कोणी कुलदैवताच्या प्रेमाने आणि कोणी निव्वळ हौसेने ती घेतली असतील. परंतु केशवसुतांसारखा कवी १९०५ साली निवर्तावा, आणि त्याच्या कविता पुस्तकरूपाने १९१७ साली हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने बाहेर पडाव्यात, हे पाहिले म्हणजे मराठी कवीने टीकाकारांपासून सुरक्षित राहण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता शोधून काढला आहे ते ध्यानात येते. मात्र तो सर्वांनाच परवडण्यासारखा नाही.

ज्यांना हयातीतच ग्रंथकार व्हावयाचे असते ते जामीन शोधतात. एखाद्या ज्येष्ठ साहित्यिकाची प्रस्तावना मिळविण्यासाठी त्यांच्या घरी खेटे घालणे हे मराठी लेखकाच्या जीवनातील उपनयनासारखेच एक संस्कारकर्म होय. ती प्रस्तावना मिळते. तिच्या पूर्वार्धात काव्य म्हणजे काय याची मम्मटापासून चिकित्सा असते, उत्तरार्धात पाश्चात्त्य मते असतात, आणि अगदी शेवटच्या परिच्छेदात ‘प्रस्तुत कवी होतकरू आहेत’ एवढी ग्वाही असते, जिच्या बळावर कोणतेही न्यायालय कोणाला जामिनावर सोडणार नाही. त्यानंतर ‘दोन शब्द’ या मथळ्याखाली लेखकाची स्वतःची सात-आठ पाने येतात. त्यांत हे आपले बोबडे बोल आहेत, गुणग्राहक रसिकांनी हंसक्षीरन्यायाने गोड करून घ्यावेत, आणि हे प्रकाशन केवळ ‘मित्रांच्या आग्रहास्तव’ होत आहे, असा तिहेरी मुचलका लिहून दिलेला असतो. या प्रास्ताविकांवर विश्वास ठेवावयाचा तर मराठीत आजवर जेवढी पुस्तके निघाली, ती बहुतेक सर्व लेखकांच्या मर्जीविरुद्ध, मित्रांनी आग्रह धरल्यामुळे निघाली आहेत. आणि असे आग्रही मित्र गावोगाव असताना मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती वर्षानुवर्षे का संपत नाही, या कोड्याचा उलगडा कोणाही प्रकाशकाला झालेला नाही.

आणि मग ते स्पष्ट अभिप्राय मागणारे सद्गृहस्थ! दिवेलागणीच्या वेळी ते येतात. चहा होईपर्यंत हवापाण्याचे बोलतात. मग कोटाच्या आतल्या खिशातून वही निघते. ‘रावसाहेब, अगदी स्पष्ट सांगा हं. भीडभाड ठेवायची नाही. आपल्याला तोंडदेखली स्तुती नको.’ रावसाहेब अठ्ठावीस कडवी ऐकतात, आणि कर्तव्यबुद्धीने म्हणतात, ‘उत्तम साधलं आहे तुम्हाला. फक्त ते तिसरं कडवं जरा सैल वाटलं, एवढंच.’ वही मिटते. ‘तिसरंच तर सर्वांना आवडलं,’ असे पुटपुटत गृहस्थ छत्री शोधू लागतात, आणि कैक वर्षांचा स्नेह त्या तिसऱ्या कडव्यावर येऊन संपतो. अभिप्राय मागणाराला अभिप्राय नको असतो; त्याला साक्षीदार हवा असतो. हे ज्यांना कळले आहे ते अनुभवी रावसाहेब तिसऱ्या कडव्याच्या आधीच डोळे मिटतात आणि मान हलवू लागतात, ती वही संपेपर्यंत थांबवीत नाहीत.

आपल्या या दौर्बल्याला मोठमोठ्यांचा आधार आहे असे कोणास वाटेल, आणि वरवर पाहता तो आहेही. कविकुलगुरू म्हणून ज्याची द्वाही फिरली, त्या कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आरंभीच आपण लहानशा तराफ्यावरून समुद्र तरून जाऊ पाहत आहोत, उंच माणसाच्या हाताला येणारे फळ तोडण्यासाठी बुटक्याने हात वर करावा तसे आपण उपहासास पात्र होणार, अशी कबुली दिली आहे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रारंभी तर सूत्रधाराचा सहकारीच विचारतो की, भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे नामांकित लोक सोडून या हयात असलेल्या कालिदासाचे नाटक कशाला? म्हणजे फडणीस तेव्हाही नोकरीत होता. पण गंमत पुढेच आहे. तराफ्याची कबुली दिल्यावर कालिदास किनाऱ्यावर बसून राहिला नाही. त्याने एकोणीस सर्ग लिहिले. नाटकातल्या त्या प्रश्नाला त्याने सूत्रधाराच्या तोंडून, जुने तेवढे चांगले आणि नवे तेवढे टाकाऊ असे काही नसते, हे ठणकावून सांगितले आणि पडदा वर नेला. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानदेवांनीही हेच केले: श्रोत्यांपुढे आपण लेकरू आहोत, बोल बोबडे आहेत, संतांनी सांभाळून घ्यावे, अशी क्षमायाचना ते वारंवार करतात, पण सहाव्या अध्यायात त्याच मुखाने, आपले मराठी बोल अमृतालाही पैजेने जिंकतील, असा विडाही उचलतात, आणि दरम्यान सुमारे नऊ हजार ओव्या पूर्ण होतात. थोरांचा विनय हा उंबरठा असतो. ते त्यावरून घरात जातात. आमच्यासारखे लोक त्या उंबरठ्यावरच बिऱ्हाड करतात.

भवभूतीचा प्रकार निराळा. त्याला टीकाकारांनी बराच त्रास दिला असावा, कारण ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत त्याने स्वच्छ सांगून टाकले आहे की, जे आमची अवज्ञा करतात त्यांच्यासाठी हा प्रयत्नच नाही, काळ अनंत आहे, पृथ्वी विशाल आहे, कोठे तरी, केव्हा तरी आमच्या जातीचा कोणी उपजेल. निकालाची मुदत इतकी लांब लावून घेणारा पक्षकार संस्कृत वाङ्मयात दुसरा नसेल. एवढी लांब मुदत आम्हांस मिळणार नाही, कारण आम्हांला उत्तर पुढच्या अंकात हवे असते.

आता टीकाकार खरोखरच भेटला तर काय होते, याचाही तपशील पाहू. मराठी कवींची जाहीर विटंबना करण्यात आचार्य अत्र्यांचा हात धरणारा कोणी झाला नाही. त्यांनी केशवकुमार या नावाने १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढून रविकिरण मंडळाच्या कवींची जी विडंबने केली, ती अशी लोकप्रिय झाली की मूळ कविता ठाऊक नसणाऱ्यांनाही विडंबने तोंडपाठ होती. याहून भयंकर प्रसंग कवीवर कोणता यावा? आमच्या फडणीसाच्या हिशेबाने त्या मंडळाने दुसऱ्या दिवशी दौतीत पाणी ओतावयास हवे होते. प्रत्यक्षात माधव जूलियनांनी १९२७ साली ‘छंदोरचना’ हा विद्वन्मान्य ग्रंथ काढला, आणि १९३६ साली ते जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९४२ साली नाशिकच्या संमेलनात त्याच अध्यक्षपदावर अत्रे विराजमान झाले, आणि १९५० साली मुंबईच्या संमेलनात पुन्हा रविकिरण मंडळातलेच कवी यशवंत. ज्यांची टर उडवली ते आणि ज्याने उडवली तो, असे सगळे एकाच मानाच्या खुर्चीवर पाळीपाळीने बसून गेले. त्या खुर्चीचे काहीही नुकसान झाल्याची नोंद नाही.

खरे दुःख टीका झाल्याचे नसून न झाल्याचे असते, हे ज्याने छापून पाहिले आहे त्यालाच कळते. कविता छापून येते, आणि जग पूर्ववत चालू राहते. पुस्तक परीक्षणासाठी धाडावे, तर मासिकाच्या मागल्या पानावर ‘साभार पोच’ या सदरात, एका पशुवैद्यकावरील पुस्तकाच्या आणि एका आरतीसंग्रहाच्या मध्ये, त्याचे नाव व किंमत छापून येते. किंमतही बहुधा चुकलेली असते. मासिकाकडे धाडलेल्या कवितेचे तर विचारूच नये. तिच्यासोबत स्वतःचे नाव, पत्ता आणि पुरेसे तिकीट असलेले पाकीट जोडावे लागते, आणि पुढे पोस्टमन जेव्हा स्वतःच्याच हस्ताक्षरातले, जरा फुगलेले पाकीट दारात आणून देतो, तेव्हा आतली ‘साभार परत’ची चिठ्ठी वाचण्याचीही गरज उरत नाही. आपल्या पराभवाचा पत्ता स्वतः सुवाच्य अक्षरात लिहून देण्याची, आणि त्याचा टपालखर्चही सोसण्याची, ही पद्धत ज्या संपादकाने प्रथम काढली त्याला मनुष्यस्वभावाचे ज्ञान फार सखोल असले पाहिजे. एकच बरे की, अशा परत आलेल्या पाकिटाने आजवर कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही; दुसऱ्या मासिकाचा पत्ता शोधण्यात त्या दिवसाची संध्याकाळ बरी जाते.

मग लिहिणारे लिहितात तरी कसे? माझे निरीक्षण असे की, आत्मविश्वासाने फारच थोडे लोक लिहितात. बाकीचे मुदतीने लिहितात. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढून मराठीत ती प्रथा पाडली, आणि त्याबरोबरच भित्र्या लेखकांच्या एका मोठ्या वर्गाची नकळत सोय करून ठेवली. श्रावणात ज्या लेखकाला आपल्या अंगी प्रतिभा आहे की नाही याविषयी गंभीर संशय असतो, त्यालाच भाद्रपदाच्या अखेरीस संपादकाचे तिसरे स्मरणपत्र येते. आश्विनात छापखान्याचा पोऱ्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘साहेब, फर्मा अडलाय.’ या तीन शब्दांत जे सामर्थ्य आहे ते कोणत्याही आत्मोन्नतीपर ग्रंथात नाही. फर्मा अडलेला असताना चंद्राविषयी पूर्वी कोणी काय लिहिले याची चौकशी करण्यास फडणीसाला सवड राहत नाही; पोऱ्या पायरीवर बसून शेंगदाणे खात असतो, आत कागदावर कागद भरत असतात, आणि ज्या कथेला वर्षभर योग्यतेचा दाखला मिळत नव्हता ती दोन प्रहरांत तयार होऊन, शाई वाळण्यापूर्वी, पोऱ्याच्या खाकी पिशवीतून रवाना होते.

फडणीसाला बरखास्त करावे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांनी त्याला बरखास्त केले आहे, त्यांची पुस्तके आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्याची फक्त कामाची वेळ बदलावी. सकाळी उमेदवार लिहीत असता त्याने कचेरीत पाऊल टाकू नये. तिसऱ्या प्रहरी, सगळा मजकूर कागदावर उतरल्यावर, यावे आणि मुद्रिते तपासावीत. ऱ्हस्वदीर्घ, अनावश्यक विशेषणे आणि एकाच पानावर दोनदा उगवलेला चंद्र हुडकण्यात त्याच्याइतका निष्णात इसम शोधून सापडणार नाही, आणि या कामात तो रमतोही. त्याला खरी गोडी छिद्रान्वेषणाची असते. पण कोऱ्या कागदात छिद्रे शोधण्याची पाळी आणल्यावर तो बिचारा सबंध कागदच नामंजूर करील, नाही तर काय करील?

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली निघाल्या, तेव्हा दुर्बोधतेचा गिल्ला झाला, टिंगल झाली, आणि पुढे अश्लीलतेच्या आरोपाखाली खटलाही उभा राहिला, ज्यातून ते निर्दोष सुटले. टीकाकारांना उत्तर द्यावे म्हणून दुसऱ्या कोणी प्रतिज्ञापत्रके, खुलासे आणि चार लेखांकांची माला लिहिली असती. मर्ढेकरांचा पुढला संग्रह १९५१ साली आला, आणि त्याचे नाव होते ‘आणखी काही कविता’. मराठी वादविवादाच्या इतिहासात, जेथे एका परीक्षणाला उत्तर म्हणून सबंध पुस्तिका छापण्याची चाल आहे, तेथे इतका त्रोटक आणि इतका निरुत्तर करणारा जबाब दुसरा दाखल झालेला मला ठाऊक नाही.

त्याच सुमारास जळगावच्या बाजूला एक बाई, जिला अक्षरओळख नव्हती, जात्यावर, चुलीपाशी आणि शेतात सुचेल तसे गात होती. बहिणाबाई चौधरींच्या अंतःकरणात फडणीसाची नेमणूकच झाली नव्हती, कारण त्या जागेला किमान लिहिता-वाचता येण्याची अट असते. तो होता मुलाकडे. सोपानदेव स्वतः कवी, शिकलेले, साहित्यिकांत वावरलेले. आईच्या ओव्या उतरून ठेवलेली वही त्यांच्यापाशी होती, आणि घरच्या बाईची जात्यावरची गाणी चार जाणत्यांपुढे कशी ठेवावी, हा संकोचही होता. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या. त्यानंतर ती वही संकोचतच अत्र्यांपुढे आली, आणि हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा ठरेल, असा निकाल त्यांनी जागच्या जागी दिला. १९५२ साली पुस्तक निघाले. ‘मित्रांच्या आग्रहास्तव’ हे शब्द मराठीतल्या ज्या मोजक्या पुस्तकांवर खरेपणाने छापता आले असते, त्यांतले हे एक. आणि तो आग्रह धरणारा मित्र कोण, तर ज्याच्या हाती आपली वही पडू नये म्हणून सत्तावीस वर्षांपूर्वी पुण्यातले कवी देव पाण्यात घालून बसले असतील, तो ‘झेंडूच्या फुलां’चा कर्ता!